लसीका ग्रंथींचे व रक्ताचे कर्करोग : उपचारांतील प्रगती आणि आपला हिशेब

(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक अहवालाच्या वाचनानंतर एखाद्या वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलण्याची आपल्या संस्थेत प्रथा आहे. एरवी हे काम आपले ज्येष्ठ डॉक्टर करतात. यंदा विश्वस्तांनी ते आमच्यावर सोपविले आणि त्यामागचे कारणही सांगितले. रक्ताच्या व लसीका ग्रंथींच्या कर्करोगावर नवी औषधे आल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. देणगीदार विचारतात, ही औषधे आपल्याकडे आहेत काय. नातेवाईक विचारतात, जमीन विकली तर ती मिळतील काय. दोन्ही प्रश्न फिरून प्रशासनाच्याच टेबलावर येतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जमाखर्च हा आमचा विषय. तेव्हा वैद्यकाविषयी जे सांगू ते आपल्या डॉक्टरांकडून समजावून घेतलेले व तपासून घेतलेले आहे. हिशेबाविषयी जे सांगू त्याची जबाबदारी आमची.

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. ती सुजलेली गाठ म्हणजे लसीका ग्रंथी. मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात अशा शेकडो ग्रंथी विखुरलेल्या आहेत आणि त्यांत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. या पहारेकऱ्यांपैकीच एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली, की होतो तो लिम्फोमा. बिघाड अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तनिर्मितीच्या जागी झाला तर ल्युकेमिया. आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींत झाला तर मल्टिपल मायलोमा. लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा ग्रंथींच्या आजाराचे वर्णन केले, म्हणून एका प्रकारास हॉजकिन लिम्फोमा म्हणतात. उरलेल्या सर्वांस 'नॉन-हॉजकिन' हे सरसकट नाव आहे. पण त्यांचे उपप्रकार साठांहून अधिक आहेत. काही वर्षानुवर्षे संथपणे वाढतात, तर बर्किट लिम्फोमासारखे काही दिवसागणिक वाढतात. एकाचे औषध दुसऱ्यास चालेलच असे नाही.

येथेच आपल्या भागातील एक अडचण सांगणे आवश्यक वाटते. मानेत गाठी, संध्याकाळी ताप, रात्री दरदरून घाम, वजनात घट ही लक्षणे लिम्फोमाची आहेत, तशीच ती क्षयाचीही आहेत. आपल्याकडे गंडमाळ इतकी परिचित आहे की मानेतील गाठ म्हणजे क्षयच, असे गृहीत धरून तुकडा न तपासताच औषधे सुरू होतात. दोन-तीन महिने जातात, गाठी वाढतच राहतात, आणि मग रुग्ण आपल्या दारी येतो. क्षयाचे निदान चुकीचेच असते असे मुळीच नाही, बहुतेक वेळा ते बरोबर असते. परंतु सुईने काढलेल्या चार थेंबांवर लिम्फोमाचे निदान पक्के होत नाही. शक्य असेल तेथे पूर्ण गाठ काढून तिची तपासणी व्हावी लागते, आणि पेशींवरील खुणा ओळखणाऱ्या विशेष चाचण्या, ज्यांस इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, त्या कराव्या लागतात. नातेवाइकांस चाचण्यांचे हे बिल अनाठायी वाटते. आमच्या मते संपूर्ण उपचारात याहून सार्थकी लागलेला पैसा नाही, कारण पुढील प्रत्येक औषध याच कागदावर अवलंबून असते.

आता उपचारांचा इतिहास. तो फार जुना नाही, आणि मोठा विलक्षण आहे. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या दोन शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून, युद्धातील विषारी वायूच्या कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लिम्फोमाच्या एका रुग्णास शिरेतून देण्यात आले. गाठी विरघळल्या, काही आठवड्यांनी पुन्हा आल्या आणि रुग्ण दगावला. युद्धकाळातील गुप्ततेमुळे ही हकिकत १९४६ पर्यंत प्रसिद्धही झाली नाही. परंतु औषधाने कर्करोग मागे हटतो हे तेव्हा प्रथम दिसले. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने लहान मुलांच्या ल्युकेमियाची गती तात्पुरती थोपविली. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बराव होते, हे नाव आपल्या देशात जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही.

पुढे 'चॉप' ही चार औषधांची जुळणी आली. एक सायक्लोफॉस्फामाइड, त्याच विषारी वायूच्या वंशातले. दुसरे डॉक्सोरुबिसिन, इटलीतील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळविलेले. तिसरे व्हिनक्रिस्टिन, आणि ते येते सदाफुलीपासून. होय, तीच सदाफुली, जी आपल्या परसात, कुंडीत, देवळाच्या ओट्याशी कोणी न लावताही फुलते. चौथे प्रेडनिसोन हे स्टेरॉइड. आपल्या वॉर्डात एका आजींना ही गोष्ट परिचारिकेने सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले की मग घरच्याच झाडाची पाने उकळून घेतली तर चालेल का. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे : चालणार नाही. या वनस्पतीत औषधाचे प्रमाण अत्यल्प असते आणि इतर घातक द्रव्ये भरपूर असतात. पाल्याच्या काढ्याने अपायच होईल.

सत्तरच्या दशकातील ही 'चॉप' पद्धती नंतर पंचवीस वर्षे जागची हलली नाही. तिच्याहून अधिक औषधे असलेल्या, अधिक तीव्र पद्धती निघाल्या. १९९३ साली अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक अभ्यासात त्या 'चॉप'पेक्षा सरस नाहीत असे सिद्ध झाले. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण अधिक महाग व अधिक कडक औषध म्हणजे अधिक गुणकारी, ही समजूत केवळ रुग्णांचीच नसते.

कोंडी फुटली ती १९९७ साली, रिटुक्सिमॅब या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा. केमोथेरपी ही वणव्यासारखी, तण आणि पीक दोन्हींस झळ लावणारी. रिटुक्सिमॅब मात्र बी-लिम्फोसाइट पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी २० नावाची खूण शोधून तिलाच चिकटते. फ्रान्समधील डॉक्टरांच्या गटाने ६० ते ८० वर्षे वयाच्या ३९९ रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या 'चॉप'ने दोन वर्षांनी शंभरातील ५७ रुग्ण हयात होते, रिटुक्सिमॅबची जोड दिल्यावर ७०. वृद्धांस झेपणारी एवढी मोठी सुधारणा पूर्वी झाली नव्हती. आज 'आर-चॉप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराने, सर्वांत अधिक आढळणाऱ्या आक्रमक बी-पेशी लिम्फोमाचे शंभरातील सुमारे ६० रुग्ण कायमचे बरे होतात. साधारणतः एकवीस दिवसांच्या अंतराने सहा फेऱ्या द्याव्या लागतात.

परंतु औषध निघणे आणि ते आपल्या रुग्णास मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रिटुक्सिमॅबची आरंभीची किंमत पाहून अनेक कुटुंबे फाइल मिटून परत जात. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची जैवसदृश आवृत्ती मूळ औषधाच्या साधारण निम्म्या किमतीत बाजारात आणली. या प्रकारच्या औषधाची जगातील ती पहिलीच प्रतिकृती होती. नंतर इतर भारतीय कंपन्याही उतरल्या आणि किमती आणखी खाली आल्या. आमच्यासारख्या खरेदी पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लिम्फोमाच्या उपचारातील भारतातील सर्वांत मोठे पाऊल ते हेच.

याच सुमारास रक्ताच्या दुसऱ्या एका कर्करोगात असाच खटला चालू होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली. या आजाराच्या मुळाशी असलेले विकृत गुणसूत्र १९६० सालीच फिलाडेल्फियात दिसले होते. त्यातून निर्माण होणारे प्रथिन नेमके अडविणारी ही गोळी. पूर्वी जो आजार काही वर्षांत रुग्णास नेत असे, तो रोज एक गोळी घेऊन नोकरी-संसार सांभाळत निभावण्यासारखा झाला. मूळ गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय गोळीचा दहा हजारांच्या आत. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचा दावा फेटाळला. मूळ कंपनीचा मोफत औषधाचा कार्यक्रमही त्या काळी चालू होता व त्याचा लाभ अनेकांस झाला, हे नमूद करणे न्याय्य होईल. आपल्या बाह्यरुग्ण विभागात महिन्याची गोळ्यांची पुडी घेऊन निघून जाणारे जे रुग्ण दिसतात, आणि ज्यांच्याकडे पाहून त्यांस काही आजार आहे असे वाटत नाही, त्यांच्या मागे हा निकाल उभा आहे.

सोमलाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. सोमल म्हणजे विष, हे आपण ऐकत आलो. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात त्याचा उपयोग ल्युकेमियावर केला, आणि शांघायच्या वांग झेन-यी यांनी अ जीवनसत्त्वाच्या जातीचे एक औषध प्रोमायलोसिटिक ल्युकेमियावर वापरून दाखविले. या आजारात रक्तस्राव होऊन पहिल्या काही दिवसांतच मृत्यू येत असे. दोन्ही औषधे एकत्र देऊन, नेहमीची केमोथेरपी न वापरता, कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत दोन वर्षांनी शंभरातील ९७ जण आजाराविना होते, असा युरोपातील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. औषधे तुलनेने स्वस्त आहेत. मात्र रुग्ण पहिल्या दोन-चार दिवसांत पोहोचला पाहिजे. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग आणि ताप अशी लक्षणे एकत्र दिसली तर 'उद्या पाहू' असे म्हणू नये.

मायलोमाविषयी थोडक्यात. थॅलिडोमाइड हे गर्भवतींना दिल्यामुळे हजारो अर्भके अपंग जन्मलेले, जगभर निषिद्ध झालेले औषध. तेच मायलोमावर उपयोगी ठरल्याचे सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले. त्यानंतर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डॅराटुमुमॅब अशी औषधे आली आणि रुग्णांचे आयुर्मान काही पटींनी वाढले. आजार मुळापासून जातो असे अद्याप म्हणता येत नाही.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची भारतातील सुरुवात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली. तेव्हा सख्ख्या भावंडाशी जुळणी आवश्यक होती आणि प्रत्येक भावंडाच्या जुळण्याची शक्यता चारात एक. पूर्वी घरोघरी पाच-सहा भावंडे असत. आता एक किंवा दोन. सुदैवाने अर्धी जुळणी असलेल्या आई, वडील, मुलगा वा मुलीकडूनही प्रत्यारोपण करण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रुळली आहे, आणि त्यात प्रत्यारोपणानंतर द्यावे लागते ते औषध तेच जुने, स्वस्त सायक्लोफॉस्फामाइड.

आता ज्या उपचाराविषयी सर्वाधिक विचारणा होते, त्या कार-टी कडे वळतो. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत एक नवे जनुक घालायचे, म्हणजे त्या पेशी कर्करोगाच्या पेशींवरील सीडी १९ ही खूण ओळखू लागतात. मग त्यांची संख्या वाढवून त्या रुग्णास परत द्यायच्या. औषध दुकानातून येत नाही, प्रत्येक रुग्णाचे औषध त्याच्याच रक्तातून घडते. २०१२ साली फिलाडेल्फियात ल्युकेमियाच्या सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार झाला. पेशींनी काम सुरू करताच तिला इतका तीव्र ताप व सूज आली की ती वाचेल असे वाटेना. रक्तातील एक घटक प्रमाणाबाहेर वाढल्याचे चाचणीत दिसले. संशोधक कार्ल जून यांची स्वतःची कन्या संधिवाताची रुग्ण असल्याने त्या घटकास अडविणारे टोसिलिझुमॅब हे औषध त्यांस ठाऊक होते. ते देताच मुलगी सावरली, आणि ती बरी झाली. संधिवाताचे औषध ठाऊक असलेला पिता त्या दिवशी तेथे नसता तर या उपचाराचे पुढे काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

२०१७ साली अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली. किंमत पावणेचार ते पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे कोट्यवधी रुपये, आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. आपल्या देशात मुंबई आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून स्वदेशी कार-टी विकसित केली. २०२१ साली खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णास ती देण्यात आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. 'नेक्सकार १९' असे तिचे नाव. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर सर्व उपचार हरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत तिचा गुण दिसला. किंमत परदेशाच्या मानाने सुमारे एक दशांश. त्याच वर्षाच्या जानेवारीत बंगळूरच्या एका कंपनीची दुसरी कार-टीही उपलब्ध झाली.

एक दशांश म्हटले तरी ती रक्कम तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते. आणि ७३ टक्क्यांत गुण दिसला, याचा अर्थ ७३ टक्के कायमचे बरे झाले असा नव्हे. काहींत आजार परत येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली या उपचारानंतर क्वचित उद्भवणाऱ्या नव्या कर्करोगाबद्दल इशाराही जोडला आहे. बातमीत हा भाग बहुधा शेवटच्या ओळीत असतो, किंवा नसतोच.

हे सर्व सांगण्याचा हेतू निरुत्साह करण्याचा नाही. आजार पहिल्याच उपचाराला दाद देत नसेल किंवा वर्षाच्या आत उलटला असेल, तर परदेशात दुसऱ्या पायरीवरच कार-टी देऊन पाहिली गेली, आणि चार वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीच्या ४६ टक्क्यांवरून सुमारे ५५ टक्क्यांवर गेले. म्हणून आपल्या डॉक्टरांचे म्हणणे असे की ज्यास हा उपचार लागू पडण्याजोगा आहे त्यास लवकर पाठवावे. एकामागून एक केमोथेरपी देत राहिल्यास टी-पेशीच दुबळ्या होतात. बेंडामस्टिनसारखे औषध आधी दिलेले असल्यास पेशी गोळा करणे विशेष कठीण जाते. असा रुग्ण आता आपल्याकडून खारघरला पाठविताना सर्व अहवाल, तुकड्याचे मूळ ठोकळे व काचपट्ट्या आणि आर्थिक साहाय्याचे अर्ज एकाच फाइलमध्ये तयार करून दिले जातात. ठोकळे घरी विसरले म्हणून नातेवाइकांना पुन्हा मुंबईहून गावी फेरी पडू नये.

नव्या औषधांची यादी येथे संपत नाही. हॉजकिन लिम्फोमात, जो पूर्वीपासूनच एबीव्हीडी या पद्धतीने बहुतेकांत बरा होतो, पुढच्या टप्प्यावरील रुग्णांस निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारे औषध केमोथेरपीसोबत दिल्यास दोन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचे प्रमाण ८३ वरून ९२ टक्के होते, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. आक्रमक लिम्फोमात 'आर-चॉप'मधील एक औषध काढून पोलाटुझुमॅब घातल्यास हेच प्रमाण ७० वरून ७७ टक्के होते. मात्र एकंदर हयातीत त्या अभ्यासात फरक दिसला नाही. एका हाताने टी-पेशी व दुसऱ्या हाताने कर्करोगाची पेशी धरणारी द्विलक्ष्यी प्रतिपिंडेही २०२२ पासून परदेशात मान्य होऊ लागली आहेत. ती तयार स्वरूपात मिळतात, हा त्यांचा कार-टीच्या तुलनेत फायदा.

आता हिशेब.

गतवर्षी एका सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले, आपल्याकडे कार-टीचा विभाग काढावयाचा झाल्यास मी किती द्यावे. त्यांची भावना उदात्त आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. पण खतावणी उघडून पाहता वेगळेच चित्र दिसते. लिम्फोमाचे जे रुग्ण आपण गमावतो, त्यांतील अनेक असे असतात की ज्यांच्यासाठी जुने, सिद्ध झालेले औषध आपल्या औषधालयात हजर होते. कोणी उशिरा येतो. कोणी मध्येच सोडून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर मानेची गाठ दिसेनाशी होते, भूक लागते, ताप जातो. घरचे म्हणतात आता बरा झाला, उसाची तोड आली आहे, पुढच्या महिन्यात जाऊ. तो पुढचा महिना चार महिन्यांनी येतो, गाठ परतलेली असते, आणि या वेळी तीच औषधे तितकी चालत नाहीत.

औषधाच्या रकान्याशेजारी आणखी रकाने आहेत जे आपल्या बिलात कधी दिसत नाहीत. एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार, लॉजचे पैसे, बाहेरचे जेवण, घरी राहिलेल्या मुलांची सोय. औषध विनामूल्य मिळूनही उपचार सुटतो तो या रकान्यांमुळे.

औषधाच्या बाजूस पूर्वीपेक्षा पुष्कळ आधार आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आयुष्मान भारतशी जोडली जाऊन २०२४ पासून प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ कक व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ४२ कर्करोग औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा छापील किमतीच्या मानाने २३ ते ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली. छापील किंमत म्हणजे काय चीज आहे हे या एका आकड्यावरून कळावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर शून्य झाला. त्यांत डॅराटुमुमॅब व पोलाटुझुमॅबही आहेत.

एका रुग्णाच्या कार-टीस लागणारी रक्कम वर सांगितली. 'आर-चॉप'च्या सहा फेऱ्या जैवसदृश औषध वापरून काही लाखांत आटोपतात. भागाकार आपण बसल्या जागी करू शकाल. तरीही ज्या बावीस वर्षांच्या मुलाचा आजार उलटला आहे, त्याच्या आईसमोर हा भागाकार मांडण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि तो मांडूही नये. म्हणून विश्वस्तांसमोर आम्ही असे सुचविले आहे की विभाग काढण्याऐवजी अशा निवडक रुग्णांस मुंबईस पाठविण्यासाठी स्वतंत्र निधी असावा, आणि नव्या देणग्यांचा मोठा हिस्सा 'उपचार पूर्ती निधी'कडे वळवावा. त्यातून निदानाच्या विशेष चाचण्या, प्रवासभाडे आणि नातेवाइकांचा निवास यांचा खर्च व्हावा. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी बसविता येते, एस.टी.च्या तिकिटावर येत नाही, ही अडचण आम्ही जाणून आहोत. निधीचा तिमाही जमाखर्च प्रत्येक दात्यास घरपोच पाठविला जाईल, एवढे आश्वासन देतो. देणगीची पावती नेहमीप्रमाणे मिळेलच.

समाजसेवा विभागाने एक साधी वही सुरू केली आहे. तिच्यात प्रत्येक रुग्णाच्या पुढील फेरीची तारीख असते आणि दोन दिवस आधी त्यास दूरध्वनी केला जातो. तारखेस रुग्ण आला नाही तर त्याच सायंकाळी दुसरा, आणि आठवड्यात उत्तर नसेल तर गावच्या आशा कार्यकर्तीस निरोप. या वहीचा खर्च टेलिफोनच्या बिलात कोठे तरी लपून जातो. गेल्या वर्षीच्या खर्चपत्रकातील कोणत्याही मोठ्या आकड्याविषयी आम्हांस इतके समाधान वाटत नाही.

नातेवाइकांसाठी काही गोष्टी. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास, रात्र असली तरी, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये. काही तासांत आपल्या आकस्मिक विभागात यावे. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे याची खात्री करावी, कारण दबलेला तो विषाणू या औषधाने जागा होऊ शकतो. रक्त व प्लेटलेट यांची गरज वारंवार लागते, तेव्हा घरातील निरोगी तरुणांनी आपल्या रक्तकेंद्रात नाव नोंदवावे. रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत रुग्णालयाच्या दाखल्यावर मिळते; तो दाखला समाजसेवा विभागात विनामूल्य दिला जातो. आणि जमीन, दागिने वा गुरे विकण्याचा विचार मनात आल्यास, व्यवहार करण्यापूर्वी शिधापत्रिका व आधारकार्ड घेऊन आम्हांस एकदा भेटावे. अनेकदा तशी वेळच येत नाही असा आमचा अनुभव आहे. जेथे उपचारांचा उपयोग उरलेला नसतो, तेथे आपले डॉक्टर ते स्पष्ट सांगतील. अशा रुग्णाच्या वेदना कमी करण्याची सोय आपल्याकडे आहे आणि तिच्यासाठीही काही विकावे लागत नाही.

नातेवाइकांच्या निवासाची इमारत जुन्या भोजनगृहाच्या वरच्या मजल्यावर करण्याचा आराखडा बाहेरच्या फलकावर लावला आहे. नळ व शौचालये वाढवावीत अशी सूचना काही महिला नातेवाइकांकडून आली असून तिचा समावेश केला आहे. चहापानानंतर आपले रक्तविकार विभागाचे डॉक्टर याच सभागृहात थांबतील. औषधांविषयीचे प्रश्न कृपया त्यांस विचारावेत, खर्चाविषयीचे आम्हांस. आम्ही दाराजवळच्या टेबलाशी वह्या घेऊन बसलो आहोत.